सहा आठवड्यांच्या सुट्टीत माणसं पण भेटावीत आणि कोकण पण दिसावं, तर

मेलबर्नच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सासर गुहागर तालुक्यात, माहेर मालवणजवळ, लग्नानंतर चौदा वर्षं तिकडेच. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८ ची. डिसेंबरच्या मध्यावर येणार आणि जानेवारीअखेर परत, म्हणजे तिकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी अख्खी इथे. मागच्या वेळी चार आठवड्यांत ३१ घरं झाली, समुद्रावर दोनदाच जाणं झालं, मुलं म्हणाली परत नको, आणि एवढं करून निघताना सासूबाई म्हणाल्या की माझ्याजवळ तर तुम्ही बसलातच नाही. त्यांचं वय ७८. तर यावेळी भेटी कमी करायच्या का, की पंधरा दिवस सरळ रिसॉर्ट घेऊन राहायचं, असं ताई विचारतायत.

मी गेली बावीस वर्षं गुहागरच्या जवळच आमच्या आगरात राहण्या-जेवणाची घरगुती सोय चालवते, गाडी माझे दीर चालवतात. आमच्याकडे उतरणाऱ्यांत परदेशातून आलेली कुटुंबं बरीच असतात, आणि त्यातली निम्मी अशी की ज्यांचं स्वतःचं घर पलीकडच्या वाडीतच आहे, पण घर बंद असतं, नाहीतर रहाटाजवळची न्हाणी मुलांना जमत नाही, नाहीतर भावाभावांत बोलणं नसतं. त्यामुळे तुमची अडचण मी दर डिसेंबरला माझ्या पडवीत बसून ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, ३१ हा आकडा जास्त आहे हे खरं, पण मूळ दुखणं आकड्यात नाही. तुम्ही भेटी आणि फिरणं ही दोन वेगळी खाती करून ठेवलीत आणि दोन्ही एकाच सहा आठवड्यांतून भरताय. भेट म्हणजे कोणाच्या तरी ओटीवर खुर्चीत बसून चहा-पोहे, आणि फिरणं म्हणजे नातेवाइकांपासून सुटून चौघांनीच कुठेतरी जाणं, अशी विभागणी झाली की एक दिवस दिला की दुसरा कमी होतो, मग तुम्ही कुठेही असलात तरी मन दुसरीकडे. माझं सांगणं एवढंच आहे की जी माणसं चालू-फिरू शकतात त्यांना घरी जाऊन भेटू नका, त्यांना बरोबर घेऊन बाहेर पडा. आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे मात्र अर्धा तास जाऊ नका, अर्धा दिवस जा. बाकी सगळं मग ह्याच्या मागून जमत जातं.

एक उदाहरण देते. लंडनहून एक कुटुंब आलेलं, त्यांच्या आत्याकडे जेवायला जायचं ठरलेलं. आत्यांचं माहेर दाभोळकडचं. मी म्हटलं जेवायला नका जाऊ, आत्यांनाच गाडीत घाला आणि धोपाव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने दाभोळला चंडिकादेवीला घेऊन जा. बोट गाडीसकट दहा-बारा मिनिटांत खाडी उतरवते. ही फेरी २००३ ला सुरू झाली, त्याआधी गाडी न्यायची तर चिपळूण-खेडवरून मोठा वळसा होता आणि माणसं होडीने जायची. आत्या बोटीवर कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि लग्नाआधी होडीने खाडी कशी उतरायच्या, भरतीला होडी कशी हलायची, सामान कुठे ठेवायचे ते सगळं सांगायला लागल्या. तीच मुलं आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी मान खाली घालून मोबाइल बघत होती. चंडिकेचं देऊळ म्हणजे खडकातली गुहाच आहे, आत तेलाच्या दिव्यांचा तेवढा उजेड, वाकून जावं लागतं, तिथे आत्यांनी मुलीचा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. दिवस संपला तेव्हा भेटही झाली होती आणि ट्रिपही, आणि आत्यांना स्वयंपाक करावा लागला नाही ते वेगळंच.

आता हे सगळ्यांना जसंच्या तसं लागू होत नाही, हेही सांगते. घरातलं कोण किती चालू शकतं, गाडी तुमच्या हाताशी रोज आहे की सांगून मागवायची आहे, मुलांना मराठी किती कळतं, आणि घराण्यात काही जुनं धुसफुसतंय का, ह्यावर बरंच अवलंबून आहे. दोन काकांचं एकमेकांशी पटत नसेल तर त्यांना एका गाडीत बसवू नका, दोन वेगळे दिवस करा. हे तुमच्या मिस्टरांपेक्षा सासूबाईंना जास्त माहीत असतं, त्यांना विचारून ठरवा.

पहिला आठवडा. डिसेंबरात मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेपाच तास पुढे असतं, म्हणजे इथे दुपारचे साडेतीन वाजले की मुलांच्या शरीराला रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि पहाटे तीन-चारला ती टक्क जागी. आणि आपण काय करतो, तर नेमकं पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सहाला कोणाकडे तरी चहाला नेतो, मुलं पेंगतात, रडतात, आणि नातेवाईक म्हणतात की परदेशी मुलांना आमच्याकडे आवडत नाही. त्यात मुलांची काही चूक नसते. पहिले पाच-सहा दिवस संध्याकाळचं कुठलंच आमंत्रण घेऊ नका. उलट ती पहाटेची जाग वापरा. उजाडताना वेलदूरला बंदरावर होड्या लागतात ते दाखवा, पुळणीवर चालायला न्या, थंडी असते, वाळूवर रात्रीत खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांची नक्षी असते, माणूस नसतं. परत येऊन गरम घावणे आणि नारळाचा रस. त्या आठवड्यात भेटी घ्यायच्याच तर सकाळी दहा ते बारा.

दुसरा आठवडा म्हणजे नाताळ ते नवीन वर्ष. ह्या दिवसांत अख्खी मुंबई-पुणे किनाऱ्यावर उतरते, राहायला जागा नाही, दर वाढलेले, फेरीबोटीला गाड्यांची रांग, गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग. हा आठवडा फिरण्यात घालवायचाच नाही, हा घरच्या माणसांचा. शिवाय ह्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानीही गावाला येतात, म्हणजे तुमचे दीर-नणंदा, चुलत भाऊ आयतेच गावात असतात. तेव्हा २६-२७ डिसेंबरला घरी सत्यनारायण घाला, श्रद्धा नसेल तर नुसतं घरचं जेवण ठेवा, आणि सगळ्या ३१ घरांना बोलवा. तिकडून आणलेलं जे काय द्यायचं ते त्याच दिवशी सगळ्यांना सारखं द्या, घरोघर पिशवी घेऊन फिरायला नको. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले, तुम्ही घरी येऊन बसला नाहीत म्हणून लोक फारसे रागवत नाहीत, तुम्ही आलात हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं म्हणून रागावतात. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या शेजारी बसून फोन लावा, आम्ही आलोय, अमुक तारखेला या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण म्हाताऱ्या माणसांना आमंत्रण वाटत नाही, त्यांना आवाज ऐकायचा असतो.

तरीसुद्धा सहा-सात घरं अशी असतात की तिथे जावंच लागतं, मानाची घरं, नाहीतर अंथरुणाला खिळलेलं माणूस. ही यादी सासूबाईंकडून घ्या. आणि इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये. काही वर्षांपूर्वी कॅनडाच्या एका पाहुण्यांना मीच भेटींचा क्रम लावून दिला होता, नकाशा समोर ठेवून, वाटेतली घरं एका दिवशी, लांबचं घर शेवटी, पेट्रोल वाचेल वेळ वाचेल म्हणून. लांबच्या घरी त्यांचे सगळ्यात मोठे काका होते, नव्वदीच्या पुढचे. शेवटच्या आठवड्यात मुलाला ताप आला, ते घर राहिलं, पुढच्या वेळी जाऊ म्हणाले. पुढच्या वेळी आले तेव्हा काका नव्हते. काकूंनी सांगितलं की ते महिनाभर रोज सकाळी दाढी करून बसायचे. तेव्हापासून मी क्रम नकाशा बघून लावत नाही, वय बघून लावते. सगळ्यात म्हातारं माणूस सगळ्यात आधी, मग कितीही वळसा पडो.

अशा घरी कसं जायचं, तर चारच्या सुमाराला, दुपारी एक ते चार या वेळात वयस्कर माणसं आडवी झालेली असतात. निरोप आधी द्या आणि स्पष्ट सांगा की जेवण नको, आम्ही शहाळं नाहीतर कोकम सरबत घेऊ, कारण न सांगता गेलात तर ती माणसं दुकानातून महागडी बिस्किटं आणि कोल्ड्रिंक आणून ठेवतात, मुलं खात नाहीत आणि दोन्हीकडे वाईट वाटतं. एका दिवशी जेवायचं घर एकच. मुलांची पोटं बिघडतात ती उघड्यावरच्या खाण्याने बिघडतातच, पण चार घरी चार वेळा आग्रहाने खाऊनही बिघडतात. प्यायला उकळलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं पर्समध्ये.

आणि मुलांना तिथे काम द्या. नुसतं "नमस्कार कर, बस इथे" म्हटलं की अर्ध्या तासात कंटाळणारच, मोठी माणसंसुद्धा कंटाळतात. तुमच्या मुलाला सांगा की घराण्याची वंशावळ तुला पूर्ण करायचीय, वही घे आणि प्रत्येक घरी जाऊन पणजोबांची, खापरपणजोबांची नावं विचार, कोण मुंबईला गिरणीत गेलं, कोण बोटीवर गेलं, कोणाचं घर कुठे होतं. मुलीला फोन द्या आणि आजी-काकूंना एकच प्रश्न विचारायला सांगा, तुम्ही माझ्याएवढ्या होतात तेव्हा दिवसभर काय करायचात. रेकॉर्डिंग करू दे. मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, उलट म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगायला आवडतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असे अकरा जण रेकॉर्ड केले, परत जाताना त्याच्या वडिलांना कळलं की आपल्या आजोबांना आणखी एक भाऊ होता. माजघरात जाऊ द्या मुलांना, जातं फिरवू द्या, नारळ सोलायचा प्रयत्न करू द्या, आगरात शिंपणं करू द्या. खुर्चीवर बसवून ठेवू नका.

आता फिरण्याचं. इथे फिरायचं तर घड्याळाच्या आधी भरती-ओहोटी बघायची, हे शहरातून आलेल्यांना कोणी सांगत नाही. आमच्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला, आणि बारा-साडेबारा तासांनी परत. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा एक. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा, पण दिवस आखायला पुरतं. मुलाला हे शिकवा, कॅलेंडर भिंतीवर असतंच, रोज सकाळी त्यानेच सांगायचं आज भरती कधी. एवढ्यावरून त्याला घरात मान मिळतो.

ह्याचा उपयोग कसा ते बघा. हेदवीला दशभुज गणपती तर आहेच, पण खाली समुद्राला उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक चिंचोळी घळ आहे, बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि कारंज्यासारखं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते आणि लोक म्हणतात यात काय एवढं. अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी उधाणाची भरती जोरात असते, त्या दिवशी अकराला तिथे पोचा, लांबून बघा, कड्याला अजिबात जाऊ नका, शेवाळावरून पाय घसरतो. मग वर गणपतीचं दर्शन, जेवण तिथेच कुणा घरगुती ठिकाणी सांगून ठेवायचं, आणि येताना वेळणेश्वर. हा दिवस काकू-आत्यांबरोबर करण्यासारखा, देवदर्शन म्हटलं की त्या तयार होतात.

आणि त्याच तिथ्यांना संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते, म्हणजे पुळण भली रुंद, ओली वाळू घट्ट, क्रिकेटला याहून चांगलं मैदान नाही. तुमचा मुलगा ऑस्ट्रेलियातला, तेरा वर्षांचा, त्याला भाषेपेक्षा बॅट जास्त उपयोगी पडेल. गावातल्या पोरांना डिसेंबर-जानेवारीत शाळा असते हे लक्षात ठेवा, साडेपाचच्या आधी ती मोकळी नसतात, त्यामुळे तुमची सकाळची ट्रिप आणि त्यांची संध्याकाळ असं बसवा. ह्याच दिवसांत वाड्यावाड्यांच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, रात्री लाइट लावून, आणि शाळांची स्नेहसंमेलनं. चुलत बहिणीचा नाच असेल तर मुलीला नक्की न्या, जमलं तर तिलाही पुढच्या रांगेत बसवा. मुलांना गाव आवडायला एक मित्र पुरतो, दहा प्रेक्षणीय स्थळं लागत नाहीत.

पोहण्याबद्दल एकच पण कळकळीने सांगते. तिकडच्या मुलांना पोहता उत्तम येतं आणि समुद्रावर दोन झेंड्यांमध्ये पोहायची, जीवरक्षक असण्याची सवय असते. आपल्याकडे बहुतेक किनाऱ्यांवर ते काही नाही. वाळू एकदम खोल उतरते, ओहोटीचं पाणी आत ओढतं. गणपतीपुळ्याला तर चांगले पोहणारेसुद्धा बुडून गेलेत. ओहोटी लागली की गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि कुठलाही नवा किनारा असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारायचं.

बाकी जवळपासचं भरपूर आहे. अंजनवेलचा गोपाळगड आणि शेजारचा दीपस्तंभ अर्ध्या दिवसात होतो, मिस्टरांच्या चुलत भावांबरोबर सकाळी जा. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, होडीतून दाखवतात, मुलांना आयुष्यभर लक्षात राहतं, थंडीत ऊन खायला काठावर येऊन पडतात म्हणून जानेवारी चांगला. हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव बघायचा तर दुपारी दाभोळला उतरून दापोलीवरून जा, संध्याकाळी होड्या आल्या की तिथे बोली सुरू होते, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, पण परतीच्या शेवटच्या फेरीबोटीची वेळ जातानाच विचारून ठेवा. दक्षिणेला तवसाळहून जयगडला दुसरी फेरीबोट आहे, पलीकडे जयगडचा किल्ला, मालगुंडला केशवसुतांचं घर. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी पुढे उक्षीला कातळावर कोरलेला हत्ती बघावा. अशी कातळशिल्पं रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, ठिकठिकाणी आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण एका दिवशी एकच बाजू, कोकणचे रस्ते वळणावळणाचे, नकाशावर चाळीस किलोमीटर दिसतं आणि दीड तास जातो, मुलांना गाडी लागते. स्क्रीन बंद, पुढची सीट, खिशात आलेपाक.

समुद्री कासवांची पिल्लं बघायला मिळतील का, असं ताईंनी विचारलं होतं. त्यासाठी वेळास गावाचं नाव मोठं आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथलं काम २००२ पासून उभं केलं, आता गुहागरच्या किनाऱ्यावरही अंडी राखून ठेवतात. पण ऑलिव्ह रिडले जातीच्या ह्या कासवांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात आणि मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. तुम्ही जानेवारीअखेर निघताय, तेव्हा मुलांना आधीपासून वचन देऊ नका. लवकर घातलेलं एखादं घरटं असलं तर दिसतील, वनविभागाच्या माणसांकडे जाऊन राखलेली घरटी मात्र दाखवता येतील. तसंच आंबा. मुलांनी आंबा आंबा केलं असेल तर आत्ताच सांगून ठेवा की जानेवारीत मोहोर असतो, फळ नसतं. त्याऐवजी ह्या दिवसांत उकडलेली कणगं (जमिनीखालचे कंद) मिळतात, कुळथाचं पिठलं-भात, पोपटीच्या शेंगा, ते खायला घाला.

माहेरी जाणं चौथ्या आठवड्यात ठेवा, निदान सहा रात्री, आणि तिथे तुम्ही मुलगी म्हणून राहा, पुन्हा घरं मोजत फिरू नका. जाताना गाडीने जाऊ नका, चिपळूणहून कुडाळपर्यंत दिवसाच्या रेल्वेने जा, मांडवी एक्स्प्रेससारख्या. उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो, रत्नागिरीच्या पुढे पानवलचा चौसष्ट मीटर उंच पूल, मुलांना खिडकीत बसवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, जानेवारीचं तिकीट नोव्हेंबरातच बघा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आहेच, १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, हे मुलांना तिथे उभं करून सांगा. पिंगुळीला चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघा, सावंतवाडीत चितारआळीत लाकडी खेळणी. आणि दशावतार चुकवू नका, जत्रांचे दिवस असतात, भाऊ असेल तर त्याला विचारा कुठल्या गावात कुठल्या रात्री आहे. पूर्ण रात्र जागायची गरज नाही, सुरुवातीचा गणपती आणि संकासुर बघून मुलं झोपली तरी चालेल, आधी जाऊन कलाकार रंग लावत असतात ते परवानगी घेऊन दाखवा.

आता एक अवघड गोष्ट. परदेशातून माणूस आला की जमिनीचा विषय निघतोच, सातबारा, वारस नोंद, मोजणी, सही. ते काम खोटं नाही, सहा वर्षांनी आलेला माणूस सही कधी करणार. पण ते भेटींमध्ये मिसळू देऊ नका. माझ्या पंक्तीत मी बघितलंय, मोदक वाढलेले असताना कोणीतरी हिश्शाचा विषय काढला आणि आजींनी हात आखडला, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या जेवायच्या थांबल्या. मिस्टरांना सांगा, नवीन वर्षानंतरचे तीन-चार दिवस तलाठी ऑफिस आणि तहसीलचे, फक्त भाऊभाऊ, बायका-मुलं नाहीत, आणि त्याच्या आधी कोणी विषय काढला तर "पाच तारखेला बसू" एवढंच उत्तर. त्या दिवसांत तुम्ही मुलांना घेऊन समुद्रावर.

बारीकसारीक. मुलांकडे परदेशी पासपोर्ट असेल तर पासपोर्ट आणि ओसीआयच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) झेरॉक्स दोन-चार गाडीत ठेवा, राहायच्या ठिकाणी मागतात. ओसीआय असेल तर पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी भारतीयांचंच तिकीट लागतं, परदेशी तिकीट काढू नका. रोख पैसे सुट्टे ठेवा, खाडीकाठी रेंज जाते. ओटीचे खण-नारळ प्रत्येक घरी मिळणार, मागच्या वेळी बॅगा भरल्या असं तुम्ही लिहिलंय, तर खण नणंदेला देऊन त्यांची गोधडी शिवून घ्या, प्रत्येक घरचा एक तुकडा, ती मेलबर्नला न्या.

शेवटचे दोन आठवडे. १४-१५ जानेवारीला संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. तुम्ही घरी एक हळदीकुंकू ठेवा, संध्याकाळी वाडीतल्या चाळीस बायका येतील, राहिलेल्या सगळ्या भेटी तिथे होतात आणि निरोपही घेता येतो, मुलीला वाण वाटायला बसवा. निघायच्या आधीचे तीन दिवस मात्र पूर्ण मोकळे, एकही घर नाही, एकही गाडी नाही.

रिसॉर्टचं विचारलंत. पंधरा दिवस नको. सासूबाई ७८ च्या आहेत आणि तुम्ही दहा किलोमीटरवर खोली घेऊन राहिलात तर त्यांना गावाला काय सांगायचं हा प्रश्न पडेल. पण दोन रात्री चौघांनी बाहेर राहा, जानेवारीत, मधल्या वारी, गर्दी नसताना. ते लपवून करू नका, मुलांना दोन दिवस फिरवून आणतो असं सरळ सांगा, कोणी काही म्हणत नाही. घरातली न्हाणी हीच अडचण असेल तर आत्तापासून दिराला पैसे पाठवून एक साधं न्हाणीघर बांधून घ्या, रिसॉर्टच्या पंधरा दिवसांत जेवढे जातात त्याच्या आसपासच जातील आणि सासूबाईंना रोज उपयोगी पडेल.

आणि त्यांचं ते "जवळ बसलात नाही" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ३१ घरी गेलात तेव्हा त्या प्रत्येक वेळी घरी राहून तुमचं जेवण बघत होत्या. त्यांना यावेळी कुठे जायचंय हे कोणी विचारलंय का? माहेरच्या ग्रामदेवतेला, एखाद्या मैत्रिणीकडे, नाहीतर नुसतं फेरीबोटीत बसायला. आजच फोन करा आणि विचारा. "मला कुठे गं जायचंय आता" असं म्हणतील, तर परवा परत करा फोन आणि परत विचारा. जे ठिकाण सांगतील ते पहिल्या आठवड्यात, सकाळी, गाडी दारापर्यंत घेऊन, पुढच्या सीटवर त्या.